परमिट हातात आलं

आज ठाणे आरटीओचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट मिळालं. फी 1000 रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत आपल्या लायसन्ससोबत ते लागतंच.

संध्याकाळी दादाकडे, घोडबंदर रोडला, गाडी शोधत बसलो. बाबांच्या गुडघ्यांना ट्रेनची चढउतार झेपत नाही, म्हणून टस्कनीतली गावं गाडीनेच दाखवायची. सगळ्यात स्वस्त भाडं बघून मी हरखले होते. दादाने अटी उघडल्या. गाडीला काही झालं तर ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपला, आणि डिपॉझिटची रक्कम ड्रायव्हरच्याच क्रेडिट कार्डावर अडकून राहते. स्वस्त कसलं!

मग फ्लॉरेन्स पायी बघायचं ठरलं. जुन्या शहरात परवानगीशिवाय गाडी घातली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड थेट घरी येतो. गाडी शहर सोडतानाच घ्यायची, तेवढ्या दिवसांचं भाडंही वाचतं. ऑटोमॅटिक महाग आहे, पण तिथे पैसे वाचवणार नाही. उजव्या बाजूने गाडी चालवायची, त्यात गिअरही उजव्या हाताने, आणि मागे आईबाबा.

बाबा मघापासून परमिटची पानं उलटताहेत. माझ्या फोटोवर दोनदा बोट फिरवलं त्यांनी.