.375 चा नवा दस्ता: लग, टँग आणि काजळी

मागच्या वेळी रायफलीचा अक्रोडाचा दस्ता अर्धवट कोरून ठेवला होता. आता ॲक्शन, म्हणजे बोल्ट आणि चाप असलेला लोखंडी भाग, तळापर्यंत बसली आहे, एपॉक्सीचं बेडिंग (लोखंड आणि लाकूड यांच्यात घट्ट बसणारा थर) झालंय आणि बाहेरून तेलाचे हात सुरू आहेत. रायफल तीच, विंचेस्टर मॉडेल 70 सफारी एक्सप्रेस, .375 एच अँड एच मॅग्नम. इथे अलास्कात मूसच्या शिकारीला जाताना वाळुंजांच्या दाट झुडपात तपकिरी अस्वल कधी समोर येईल सांगता येत नाही. 1912 सालचं हे काडतूस दोन्हींसाठी पुरेसं आहे, म्हणून मी दुसरं कॅलिबर शोधलंच नाही.

नवीन लोक पहिला प्रश्न खांद्याचा विचारतात. 300 ग्रेन वजनाची गोळी सेकंदाला साधारण अडीच हजार फुटांनी सुटते आणि नऊ-साडेनऊ पौंडांच्या रायफलीत धक्का .30-06 या नेहमीच्या शिकारी काडतुसाच्या जवळपास दुप्पट बसतो. पण खांदा सवयीने तयार होतो. लाकूड होत नाही. बार उडाला की सगळं लोखंड दस्त्यात मागे सरकू पाहतं आणि ते थोपवायचं काम रिसीव्हरच्या (ॲक्शनच्या मुख्य सांगाड्याच्या) पुढच्या भागाखालचा ठोकळा, म्हणजे रिकॉइल लग, करतो. लगची मागची बाजू लाकडाला सर्वत्र सारखी टेकली नसेल, तर ॲक्शन केसभर मागे जाते, तिची मागची शेपटी, म्हणजे टँग, पाचरीसारखी लाकडात घुसते आणि ग्रिपच्या वर दस्ता रेषेत उभा चिरतो. मोठ्या कॅलिबरमध्ये सगळी कलाकुसर याच्यानंतर.

म्हणून सर्वात जास्त वेळ काजळीत गेला. लगच्या मागच्या बाजूला तेलात कालवलेल्या काजळीचा पातळ हात द्यायचा, ॲक्शन बसवायची, स्क्रू आवळायचे, परत उचलायची. लाकडावर जिथे काळं उमटलं तेवढंच खरवडायचं. सुरुवातीला फक्त डाव्या कोपऱ्यात नखाएवढा डाग येत होता. तो खरवडला की डाग पसरतो, मग उजवीकडे दुसरा दिसू लागतो. पूर्ण पृष्ठभागावर एकसारखी राखाडी छटा येईपर्यंत हेच. या रायफलीला नळीखाली दुसरा लग आहे आणि दोघांनी एकाच वेळी भार घ्यायला हवा, त्यामुळे एकाचं खरवडलं की दुसऱ्याचं पुन्हा तपासावं लागतं. इथे घाई करणाऱ्याला मी कसबी म्हणणार नाही.

मग एपॉक्सी. लगच्या पुढच्या बाजूला, दोन्ही कडांना आणि खाली टेपचे दोन थर दिले, मागची बाजू उघडी ठेवली. टेप काढल्यावर तेवढी मोकळीक उरते आणि भार फक्त मागे पडतो. स्क्रूच्या आट्यांसकट सगळ्या धातूला एपॉक्सी चिकटू नये म्हणून रिलीज एजंट, चापाच्या आणि मॅगझिनच्या पोकळीत प्लॅस्टिसिन (मऊ चिकणमाती). टँगच्या मागे पोस्टकार्डाच्या जाडीची फट मुद्दाम सोडली आहे. ती दिसते, काहींना खटकते. राहू दे.

बालेवाडीच्या रेंजवर .22 चा सराव करणारा माझा मामेभाऊ म्हणाला, बेडिंग तर आम्हीही करतो. करतातच, पण त्यांना हवं असतं ते प्रत्येक गोळीला तेच कंपन. इथे नेम नंतर, आधी दस्ता शाबूत राहायला हवा. त्यासाठी लगच्या मागे आणि मॅगझिनच्या मागे दस्त्यातून आडवे जाणारे पोलादी क्रॉस बोल्टही घातले आहेत.

बेडिंगनंतर मॅगझिनची पेटी वरखाली किंचित हलते ना, हे जरूर बघा. ती तळपट्टी आणि रिसीव्हर यांच्यात आवळली गेली, तर स्क्रू लाकडाऐवजी पेटीलाच घट्ट धरतात. मग डमी काडतुसं भरून रायफलीचा बोल्ट सावकाश आणि जोरात, दोन्ही तऱ्हांनी चालवला. 1898 च्या माउझर रायफलीकडून आलेला बोल्टवरचा रुंद पंजा काडतुसाची कड मॅगझिनमधून वर येतानाच पकडतो. बोल्ट अर्ध्यावरून मागे ओढला तरी काडतूस बाहेर फेकलं जातं. अस्वलाच्या प्रदेशात मला याच रचनेवर भरवसा वाटतो.

दस्त्याच्या आतल्या सगळ्या कोरीव भागाला आणि रबरी पॅडखालच्या लाकडाच्या उघड्या टोकाला सीलर लावला आहे, कारण इथल्या पावसात ओल तिथूनच शिरते. बाहेर उकळलेलं जवसाचं तेल, 400 च्या पॉलिश पेपरने ओलंच घासून, म्हणजे लाकडाच्याच भुकटीने छिद्रं भरतात. बोटीतून खाऱ्या पाण्यात शिकारीला जाणाऱ्यांनी सरळ फायबरग्लासचा दस्ता घ्यावा. मला मात्र अक्रोडाच्या ग्रिपमधला हा धुरकट पट्टा रोज हाताखाली हवा आहे.

आता पॅड घासून चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची 14 इंचांची लांबी पक्की करायची, मग लोखंडी साइट. स्कोप क्विक-डिटॅच रिंगांवर बसेल, पण तो काढल्यावर डोळा आपोआप लोखंडी साइटच्या पांढऱ्या मण्यावर यायला हवा, म्हणून गालाचा उंचवटा अजून थोडा उतरवणार आहे. झिरोइंग, म्हणजे नेम जुळवणं, त्यानंतर: 100 यार्डांवर गोळी नेमापेक्षा दोन इंच वर.