मुलांच्या हाताला घरातले खरे काम

मुले घरात इकडची काडी तिकडे करत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्या आईवडिलांना मी एकच प्रश्न विचारते: हेच मूल दोन-अडीच वर्षांचे असताना केरसुणी ओढत मागे मागे येत होते, तेव्हा काय केलेत? बहुतेक घरांत लुडबुड नको म्हणून केरसुणी काढून घेतली जाते आणि हातात खेळणे दिले जाते. पुढे तेच मूल दहा वर्षांचे झाले, की त्याने आपणहून ताट उचलावे अशी अपेक्षा सुरू होते. पण घरातली कामे आपली नव्हेत, हे मधल्या वर्षांत ते पुरते शिकलेले असते.

मदतीची ओढ मुलांमध्ये मुळातच असते, असे मी भाबडेपणाने म्हणत नाही. जर्मनीतील लाइपझिग येथील मॅक्स प्लांक या संशोधन संस्थेत काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका प्रसंगी कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडतो आणि तो घेण्यासाठी त्याचा हात पुरत नाही. अवघ्या १८ महिन्यांच्या मुलांपैकी बरीच, कोणी न सांगता, तो चिमटा उचलून देत. याच दोघांच्या २००८ मधील दुसऱ्या प्रयोगात २० महिन्यांच्या काही मुलांना मदतीबद्दल खेळणे बक्षीस दिले गेले. पुढे बक्षीस बंद झाल्यावर ती मुले, ज्यांना कधीच काही मिळाले नव्हते त्यांच्यापेक्षा कमी मदत करू लागली. म्हणूनच ताट उचलले की पाच रुपये, गादी आवरली की दहा, या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. एकदा दर ठरला की मूल भाव करू लागते आणि त्यात त्याचा काहीही दोष नसतो.

मुलांना कामाकडे ओढते ते कामाचे खरेपण. ते काम झाले नाही तर घराचे अडणार आहे, हे मुलाला दिसले पाहिजे. आमच्या कोल्हापुरात उन्हाळ्यात वर्षाच्या चटणीचा घाट घातला जातो, तेव्हा हे फार चांगले दिसते. मिरच्या उन्हात पडलेल्या, कांदा चिरायचा, खोबरे किसायचे, धणे-तीळ निवडायचे, कांडपाला नंबर लावायचा, अशा धांदलीत चार हात जास्तच लागतात. धाकटीकडे धणे निवडायचे काम असते आणि त्यातला एखादा खडा सापडला की ती तो सगळ्यांना दाखवून येते. मोठीकडे लसूण. गड्डे फोडून पाकळ्यांना तेलाचे बोट चोळायचे, त्या उन्हात पसरायच्या, साल सुटू लागली की फडक्यात घालून चोळायच्या आणि मग सुपात घेऊन पाखडायच्या. पहिल्यांदा तिने सूप सरळ वर उडवले, तेव्हा सालांबरोबर निम्मा लसूण अंगणात गेला. सासूबाई जागच्या उठल्या नाहीत. "सूप आपल्याकडं झुकीव, मग हलका झटका दे," एवढेच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने सालीच तेवढ्या पुढे उडू लागल्या आणि त्यानंतर ते सूप तिने कोणालाही हातात घेऊ दिले नाही. मिरच्यांची देठे काढण्याचे काम मात्र मी लहान मुलांना देत नाही, कारण तेच हात डोळ्यांना लागतात.

इटलीतील डॉक्टर आणि बालशिक्षणतज्ज्ञ मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ मध्ये रोममधील सान लोरेन्झो वस्तीत सुरू केलेल्या बालगृहात मुलांच्या मापाचे सामान होते आणि झाडणे, पुसणे, पाणी ओतणे ही कामे शिक्षणाचाच भाग होती. तोच विचार आपल्याकडे रुजवणाऱ्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी आणि कोसबाड येथे महागड्या साधनांऐवजी परिसरातल्याच साध्या वस्तू वापरल्या. त्यामुळे बाजारात मिळणारा खेळण्यातला स्वयंपाकाचा संच विकत घेण्यापेक्षा छोटी केरसुणी, हलका तांब्या आणि हात पुरेल अशा उंचीवरची ताटाळी मला अधिक मोलाची वाटते.

मूल मोठे झाले की सुटीसुटी फर्मानेही पुरत नाहीत. "जरा हे दे, जरा ते आण" असे दिवसभर ऐकणारे मूल कंटाळणारच. त्यापेक्षा एक अख्खे काम त्याच्या स्वाधीन करावे. आमच्या मुलाकडे पिण्याच्या पाण्याचे काम आहे. नळाला पाणी कधी येते, कळशी कधी घासायची, बाटल्या कधी भरायच्या, हे त्याचे तो पाहतो. एका संध्याकाळी पाहुणे आले आणि कळशी रिकामी निघाली. कोणी त्याला बोलले नाही आणि त्याच्याऐवजी कोणी उठलेही नाही. असे गप्प बसणे मोठ्यांना फार जड जाते, याची मला कल्पना आहे. मुलाने झाडलेली खोली त्याच्यादेखत पुन्हा झाडण्याचा मोह आवरणेही तितकेच जड जाते, पण तो आवरलाच पाहिजे.

मुलगा आहे म्हणून कामातून सूट देणे मला अजिबात मान्य नाही. घरात मुलीने ताटे घ्यायची आणि मुलाने हात धुऊन पाटावर बसायचे, ही रीत अजून पुष्कळ घरांत आहे, आणि तिचे समर्थन करणाऱ्यांनी आपल्याच गावच्या तालमीत एकदा डोकावून यावे. तिथे राहणारे पैलवान पहाटे आखाड्याची माती उकरतात, थंडाई घोटतात, स्वतःचे जेवण स्वतः रांधतात आणि भांडीही घासतात. त्याने त्यांच्या मर्दानगीला बाध येतो, असे कोल्हापुरात कोणी म्हणणार नाही. मुलगा भाकरी थापायला बसलेला पाहून भुवया उंचावणाऱ्या पाहुण्यांना मी हेच उत्तर देते. त्याच्या भाकरीचे काठ अजून फाटतात, पण ती तव्यावर टम्म फुगते. येत्या सुट्टीत त्याला आमटीची फोडणी शिकवायची आहे. तेल तापलेले असताना मी शेजारी उभी राहीन, पण पळी त्याच्याच हातात असेल.