जळगाव ते लोधी कोर्स: ड्रायव्हर घरी ठेवून या

आधी कामाचं सांगतो. दिल्ली गोल्फ क्लबच्या लोधी कोर्सवर खेळायला निघाला असाल तर ड्रायव्हर, म्हणजे चेंडू सर्वात लांब मारायची गोल्फची काठी, घरीच ठेवा. बॅग हलकी होते, बर्थखाली नीट सरकते आणि तिथे तो बाहेर काढायची वेळ जवळजवळ येत नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच मैदानावर डीपी वर्ल्ड इंडिया चॅम्पियनशिप झाली. बक्षिसाची रक्कम ४० लाख डॉलर होती. त्या स्पर्धेआधी जगातल्या अव्वल खेळाडूंपैकी एक असलेल्या रॉरी मॅकिलरॉयनेही ड्रायव्हर वापरायचा विचार नसल्याचं सांगून टाकलं होतं. तो जिथे हात आखडता घेतो तिथे आपण जळगावकरांनी जोर दाखवायचं कारण नाही.

खानदेशात गोल्फ खेळतो म्हटलं की लोक आधी हसतात. "काय भो, तो चेंडू शोधत हिंडायचा खेळ ना?" हे ऐकून ऐकून कान पिकलेत. सरावासाठी आम्हाला नाशिक गाठावं लागतं. तिथे रिक्षावाल्याला नुसतं ‘गोल्फ क्लब’ म्हणालात तर तो तुम्हाला बिनचूक क्रिकेटच्या मैदानावर नेऊन सोडेल, कारण रणजीचे सामने होतात त्या अनंत कान्हेरे मैदानाचंच ते नाव पडलंय. माझा धंदा ठिबक आणि तुषार सिंचनाचा. गवताला पाणी देता देता गवतावरच्या खेळाची गोडी लागली. सोबत होते अप्पा, म्हणजे कृषी खात्यातून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ, आणि भुसावळचे एक रेल्वेतले मित्र. ते नुसते चालायला आले होते, पण गाडीचं सगळं त्यांनीच ठरवलं.

गाडीचं गणित आपल्या बाजूचं आहे. सीएसएमटीहून निघणारी राजधानी रात्री नऊच्या आसपास जळगावला येते आणि सकाळी दहाच्या सुमारास हजरत निजामुद्दीनला सोडते. तिथून क्लब रिक्षाने जवळ आहे, डॉ. झाकीर हुसेन मार्गावर. राजधानीचं भाडं जड वाटलं तर गोवा एक्स्प्रेसही निजामुद्दीनलाच जाते. कर्नाटक एक्स्प्रेस आणि पंजाब मेल भुसावळहून मिळतात, त्या नवी दिल्लीला नेतात. वेळा बदलतात, तेव्हा तिकीट काढण्याआधी एकदा बघून घ्या. बॅगेसाठी खालचा बर्थ मागा. साइडचा घेतलात तर बॅग वाटेत येते आणि रात्रभर लोकांचे पाय आणि शिव्या दोन्ही खाव्या लागतात. जेवण आम्ही घरचंच नेलं होतं: असोद्याच्या वांग्यांचं भरीत, कळण्याची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. राजधानीत जेवण मिळतं, पण ते समोर आल्यावर भरीत नेल्याचं समाधान जास्त झालं.

क्लब खाजगी आहे. सभासदाची ओळख असेल तर काम सोपं होतं. आमच्यासाठी भाच्याच्या ओळखीचे एक सभासद होते. ओळख नसेल तर निघण्याआधी क्लबशी थेट बोला, पाहुण्यांचे दिवस आणि फी विचारून घ्या, हँडिकॅपचं, म्हणजे आपल्या खेळाच्या पातळीच्या आकड्याचं, प्रमाणपत्र जवळ ठेवा. कॉलरचा शर्ट हवा, जीन्स नको, बुटांना लोखंडी खिळे नकोत. शनिवार-रविवार टाळा.

आता मैदानाकडे. इथे एकूण २७ होल आहेत: १८ लोधीचे, ९ पीकॉक कोर्सचे. क्लब म्हणून नोंद १९५० ची. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसन यांनी आखणी नव्याने केली. ब्रिटिश ओपन पाच वेळा जिंकलेला हा माणूस. पुढे दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांच्या कंपनीने लोधी पुन्हा घडवला आणि २०१९ मध्ये तो नव्या रूपात खुला झाला. प्लेअर यांच्या नावावर नऊ मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वात मोठ्या स्पर्धांची, विजेतेपदं आहेत. गुरुग्रामच्या डीएलएफ गोल्फ क्लबमध्येही त्यांचं एक मैदान आहे, २०१५ चं, आणि ते खेळाडूंना घाम फोडतं. त्यामुळे इथेही तसंच काही उभं केलं असेल असं मनात होतं.

तसं झालेलं नाही. डीएलएफला जमीन मोकळी होती, तिथे हवे तसे डोंगर-दऱ्या उभ्या करता आल्या. इथे दोन्ही बाजूंना कीकर आणि दाट झुडपांची भिंत, मधे फेअरवेचा, म्हणजे कापलेल्या गवताचा, चिंचोळा पट्टा, आणि जागोजागी जुनी थडगी. झाडं हलवायची नाहीत, थडगी हलवायचीच नाहीत. लांबीही वाढवून वाढवून किती वाढणार? पार ७२, म्हणजे अठरा होलसाठी ठरलेले ७२ फटके, आणि सुमारे ६,९०० यार्ड. आजच्या मोठ्या स्पर्धांच्या मानाने हे मैदान आखूडच. मग बदल करायला उरली जमीन. म्हणून ग्रीन, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या जागा, नव्याने बांधली, त्यांना उतार आणि पायऱ्या दिल्या, बंकर म्हणजे वाळूचे खड्डे बदलले. झुडपं आधीही होतीच. आता खरी परीक्षा ग्रीनवर होते, आणि तिचा पहिला प्रश्न टीवरच, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागीच, विचारला जातो.

माझं निम्मं लक्ष अर्थातच पायाखाली होतं. मोठ्या दर्जाच्या ग्रीनखाली सर्वसाधारणपणे काय असतं ते सांगतो, कारण खेळ तिथूनच बदलतो. तळाला चर खणून निचऱ्याचे पाइप, त्यावर चार इंच खडी, त्यावर बारा इंच वाळूप्रधान मिश्रण, आणि मग गवत. अमेरिकन गोल्फ संघटनेची ही पद्धत जगभर वापरतात. गंमत अशी की खडीवर बारीक वाळू असली की पाणी लगेच खाली उतरत नाही. वाळूतल्या बारीक पोकळ्या ते धरून ठेवतात आणि वाळू पुरेशी भिजली की मग ते खडीत सुटतं. म्हणजे उन्हाळ्यात मुळांना ओल राहते आणि पावसाळ्यात डबकं होत नाही. अप्पांनी लगेच विचारलं, "आपल्या कपाशीच्या जमिनीत होईल का हे?" होईल, पण काळी माती खणून बाहेर काढावी लागेल आणि कडेने अस्तर घालावं लागेल. नाहीतर ती पावसात फुगेल, उन्हात भेगाळेल आणि सगळी लेव्हल मोडून टाकेल. अप्पांनी तिथेच उभ्या उभ्या ट्रॉल्यांचा हिशेब मांडला आणि बेत रद्द केला.

खेळताना याचा अर्थ काय? होलजवळचा उतार दोन-तीन टक्क्यांचा असला तरी कापलेल्या गवतावर चेंडू थांबता थांबत नाही. ध्वज डाव्या पायरीवर असेल तर फेअरवेच्या उजव्या बाजूने येणं सोपं जातं, कारण तिथून ग्रीनची लांबी समोर मिळते. म्हणून टीवर उभं राहिल्यावर आधी ध्वज कुठे आहे ते बघा, मग कोणत्या बाजूला चेंडू टाकायचा ते ठरवा आणि त्यानुसार क्लब, म्हणजे काठी, काढा. आमच्यासारख्यांना हायब्रिड किंवा पाच नंबरचं आयर्न, म्हणजे ड्रायव्हरपेक्षा आखूड काठी, पुरतं. दुसरा फटका लांब उरतो, उरू दे. होलच्या खालच्या अंगाला चेंडू ठेवलात तर पट, म्हणजे ग्रीनवरचा हलका फटका, चढावर मिळतो आणि निम्मी डोकेदुखी जाते. वरून उतरता पट आला तर देवाचं नाव घ्या.

गवताचा कलही बघायला शिका. बर्म्युडा जातीच्या गवताची पाती एका दिशेला झुकतात. होलकडे बघताना गवत चकाकतं तेव्हा ते तुमच्यापासून पुढे झुकलेलं असतं आणि चेंडू पळतो. गडद दिसलं तर समोरून अडवतं, चेंडू आखडतो. हे आम्हाला कॅडीने, म्हणजे बॅग घेऊन सोबत चालणाऱ्या मदतनीसाने, दाखवलं. कॅडी घेण्यात काटकसर करू नका. आमचा कॅडी झुडपांकडे बोट करून म्हणाला, "सर, बीच में रखो, अंदर गई तो भूल जाओ." त्याचं ऐकलं तेवढ्या होलवर आमचा आकडा माणसात राहिला. चेंडू आत गेल्यासारखा वाटला तर तिथूनच दुसरा, प्रोव्हिजनल चेंडू मारून ठेवा. २०१९ पासून शोधायला तीनच मिनिटं मिळतात. सापडला आणि खेळण्याजोगा नसला तर एका फटक्याचा दंड घेऊन दोन क्लबच्या अंतरात टाकता येतो, पण इथे दोन क्लबनंतरही काटेच असतात.

एवढं सगळं असून टॉमी फ्लीटवूडने ती ऑक्टोबरची स्पर्धा २२ अंडरने, म्हणजे पारपेक्षा २२ फटके कमी घेऊन, जिंकली, केइता नाकाजिमा दोन फटक्यांनी मागे राहिला. काहीजण म्हणतात, म्हणजे मैदान सोपं झालं. मला पटत नाही. सरळ मारणाऱ्याला इथे हातात छोटा क्लब मिळतो आणि नवी ग्रीन चांगला फटका धरून ठेवते. त्याला बक्षीस मिळायलाच हवं. आधीच्या आखणीवरही २००८ चं इंडियन मास्टर्स शिव चौरसियाने जिंकलं होतं. कोलकात्याच्या एका ग्रीनकीपरचा हा मुलगा जिंकला तो अंगातल्या जोरावर नव्हे, ग्रीनभोवतीच्या हातावर. म्हणून मला वाटतं, प्लेअर यांनी मैदानाचा स्वभाव बदललेला नाही, तो जास्त कडक केलाय.

थडग्यांविषयी दोन शब्द. क्लबहाउसजवळचा लाल दगडाचा लाल बंगला मुद्दाम बघा. शाह आलम दुसरा याची आई लाल कुंवर तिथे पुरली आहे असं सांगतात. आपल्या थाळनेरला तापीकाठी फारुकी सुलतानांच्या कबरी आहेत, तिथे भर दुपारी चिटपाखरू नसतं. इथे कबरीच्या सावलीत लोक पट मोजत असतात. मोर मात्र कोणालाच भीत नाहीत, तुम्ही पट मारत असताना समोरून खुशाल चालत जातात.

आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो. हवा छान होती, पण थंडीत बर्म्युडा पिवळं पडतं, त्यामुळे टीव्हीवरचा हिरवा गालिचा दिसला नाही म्हणून नाराज होऊ नका. डिसेंबरअखेर ते जानेवारी टाळा. धुक्याने गाडीही उशिरा येते आणि खेळही. नोव्हेंबरात हवा घशाला लागते. मार्च त्यातल्या त्यात उत्तम. दिवाळीच्या तोंडावर परतीचं तिकीट मिळणं कठीण असतं आणि आता आरक्षण साठच दिवस आधी उघडतं, तेव्हा त्या दिवशी सकाळी आठला फोन हातात धरून बसा.

दुपारी खेळ आटोपला तर हुमायूनची कबर आणि सुंदर नर्सरी जवळच आहेत. भाकरीची आठवण झाली तर कस्तुरबा गांधी मार्गावर नवं महाराष्ट्र सदन आहे. संध्याकाळी पाचच्या सुमारास निजामुद्दीनहून सुटणारी राजधानी पहाटे जळगावला सोडते. त्या वेळी स्टेशनबाहेर रिक्षा कमी असतात, घरच्या कोणाला तरी आधीच सांगून ठेवा.