वेळ कोणाला मिळणार आणि फाइल कोणाची

ऑपरेटिंग सिस्टीम, म्हंजे विंडोजसारखा कॉम्प्युटर चालवणारा मूळ प्रोग्राम, तिच्याबद्दल अनेक कामं म्हंजे मल्टिटास्किंग, अनेक माणसं म्हंजे मल्टियुझर, एवढ्या दोन ओळी पाठ केल्या की मार्क मिळून जातात, माझी भाची इथे इंदूरलाच बीसीए करतेय तिच्या वहीत पण हेच लिहिलेलं. चूक नाहीये ते, पण त्यातून कळत काहीच नाही, आणि हा विषय मला मनापासून आवडतो म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

मल्टिटास्किंगचा मामला वेळेचा आहे. ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसरचा वेळ तुकड्या तुकड्यात वाटते, काही मिलिसेकंद ब्राउझरला, काही गाण्याला, काही प्रिंटिंगला, आणि हे इतकं भराभर की आपल्याला सगळं एकदमच चाललंय असं वाटतं.

मल्टियुझरमधे प्रश्नच वेगळा. ही फाइल कोणाची, हा प्रोग्राम कोणाच्या नावावर चाललाय, त्याला कुठे हात लावू द्यायचा नि कुठे नाही. विंडोज 95 आठवतंय का? लॉगिनची खिडकी यायची, पासवर्ड माहीत नसला तर एस्केप दाबा, डेस्कटॉप हजर! डिस्कवरच्या फाइलला मालक असा नव्हताच. मल्टिटास्किंग पक्कं, पण खऱ्या अर्थाने मल्टियुझर नाही. 1993 च्या विंडोज एनटी मधे मात्र फाइलला मालक होता, परवानग्या होत्या.

यातली सगळ्यात भारी गोष्ट तर त्याही आधीची आहे. अमेरिकेत एमआयटी विद्यापीठात फर्नांडो कॉर्बातो यांच्या टीमने 1961 मधे सीटीएसएस नावाची ऑपरेटिंग सिस्टीम दाखवली, एकाच कॉम्प्युटरवर वेगवेगळ्या टर्मिनलवरून, म्हंजे त्याला जोडलेल्या टाइपरायटरसारख्या यंत्रांवरून, अनेक जण काम करताहेत, प्रत्येकाला वेळेचा तुकडा मिळतोय. पुढे एकदा असं झालं की लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या संदेशाऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसायला लागले. कारण काय, तर एडिटर, म्हंजे फाइल लिहायचा प्रोग्राम, आपली तात्पुरती फाइल एका ठरलेल्या नावाने बनवायचा, एका खात्यात एका वेळी एकच जण एडिट करणार असं धरून, आणि सिस्टीम सांभाळणाऱ्यांच्या एकाच खात्यात दोघं जण एकदम बसले, एक संदेश लिहित होता नि दुसरा पासवर्डची फाइल, दोन्हींची अदलाबदल झाली. वेळेची वाटणी अगदी बरोबर चालली होती बघा, कोणाची फाइल कुठली ही हद्द तेवढी चुकली.

म्हणूनच इथल्या सियागंज बाजारातल्या दुकानांपासून घरापर्यंत सगळीकडे एकाच अकाउंटवर चार जण काम करतात ते मला अजिबात पटत नाही. सिस्टीमला बिचारीला कळणार कसं की कोणी काय डिलीट केलं? वेगळं अकाउंट बनवायला पाच मिनिटं लागत नाहीत.

भाचीने एक छान विचारलं, मावशी, लॅपटॉपवर तर एका वेळी एकच जण बसतो, मग तो मल्टियुझर कसा? अगं, समोर किती जण बसलेत याचा संबंध थोडा, नावं वेगळी ठेवली जातात का याचा जास्त. तुझा अँड्रॉइड फोनच घे, वापरणारी तू एकटी, पण खाली लिनक्स (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) आहे आणि तो प्रत्येक ॲपला वेगळा युझर नंबर देतो, त्यामुळे गेमवालं ॲप बँकेच्या ॲपच्या खाजगी फाइली उघडायला गेलं तर लिनक्स त्याला परका युझर समजून नाही म्हणतो.