चादरीचा भाव, टॉवेलचा भाव आणि वजाबाकीतली चिन्हे

समजा, सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या एका दुकानात एकाने ३ चादरी आणि ४ टॉवेल घेतले, बिल झाले १५३० रुपये. दुसऱ्याने तशाच २ चादरी आणि ५ टॉवेल घेतले, बिल १३०० रुपये. दोन्हींचे भाव काढायला एकसामयिक समीकरणे मांडू: चादर क्ष रुपयांना आणि टॉवेल य रुपयांना धरू.

३क्ष + ४य = १५३० …(१)
२क्ष + ५य = १३०० …(२)

क्ष चा लोप करायचा, म्हणजे तो घालवायचा, तर दोन्ही समीकरणांत त्याचा सहगुणक (त्याला गुणणारी संख्या) ६ हवा. म्हणून (१) ला २ ने आणि (२) ला ३ ने गुणायचे, उजव्या बाजूसकट. (घाईत नेमकी तीच राहते.)

६क्ष + १५य = ३९००
६क्ष + ८य = ३०६०

वजाबाकी केली की ७य = ८४०, य = १२०. ही किंमत (२) मध्ये ठेवली की २क्ष = ७००, क्ष = ३५०.

आता ताळा. तो (१) मध्येच घ्या. क्ष आपण (२) मधूनच काढला आहे, त्यामुळे य चुकला असला तरी (२) जुळणारच. १०५० + ४८० = १५३०. जमले.

दहावीच्या पेपरात मार्क जातात ते अनेकदा ऋण पदांच्या वजाबाकीत. ४क्ष − ३य = ५ मधून ४क्ष − ५य = ३ वजा करताना मुले −८य = २ लिहून मोकळी होतात. खरे उत्तर २य = २, कारण −३य − (−५य) = +२य. खालच्या ओळीतल्या प्रत्येक पदाखाली बदललेले चिन्ह आधी लिहा आणि मग फक्त बेरीज करा. ही सवय मला कुठल्याही युक्तीपेक्षा मोलाची वाटते.

सहगुणकांची अदलाबदल दिसली, तर गुणाकाराच्या वाटेला जाऊच नका. १७क्ष + १३य = ४७ आणि १३क्ष + १७य = ४३ यांची बेरीज करून ३० ने भागले की क्ष + य = ३; वजाबाकी करून ४ ने भागले की क्ष − य = १. क्ष = २, य = १.

क्रेमरच्या पद्धतीत (सहगुणकांवरून थेट उकल काढण्याच्या रीतीत) आधी दोन्ही समीकरणे अक्ष + बय = क (अ, ब, क या संख्या) अशा रूपात आणा, नाहीतर चिन्हे उलटतात. आपल्या बिलांसाठी निश्चयक, म्हणजे सहगुणकांच्या तिरकस गुणाकारांची वजाबाकी, ३×५ − ४×२ = ७. तो शून्य आला तर थांबा. दुसरे बिल ६ चादरी, ८ टॉवेल, ३०६० रुपये असते, तर ते पहिल्याचीच दुप्पट. उकली अनंत, पण भाव कळणार नाही. तेच बिल ३००० चे असेल तर आलेखावर रेषा समांतर, उकल नाही. म्हणजे दुकानदाराने ६० रुपये सोडले आहेत.