पायचे शंभर कोटी अंक आणि बाबांचा प्रश्न

शनिवारी कंपनीला सुट्टी असते, म्हणून सकाळीच घरच्या पीसीवर वाय-क्रंचर टाकलं आणि पायचे (π, म्हणजे वर्तुळाचा परीघ भागिले व्यास, ३.१४१५...) १०० कोटी अंक काढायला लावले. अलेक्झांडर यीनं लिहिलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आणि २०१० पासूनचे पायचे जवळपास सगळे रेकॉर्ड ह्याच्यावरच झालेत. माझी रॅम आठच जीबी, पण १०० कोटीला पाचेक जीबी पुरते.

पहिल्या वेळी मधेच बंद पडलं. दोन-तीन मिनिटं झाली असतील नसतील, लगेच एरर. रॅमचा स्पीड मी बायोसमधून (पीसीच्या मूळ सेटिंगमधून) वाढवून ठेवला होता, एक्सेल, पिक्चर, गाणी, कशालाच आजवर त्रास झाला नव्हता, पण इथे एक बिट (मेमरीतला एखादा ० किंवा १) जरी इकडचा तिकडे झाला तरी पुढचं सगळं वाया, म्हणून हा प्रोग्रॅम मधेमधे स्वतःचाच हिशोब तपासत असतो आणि चूक सापडली की तिथेच थांबतो, हे मला फार आवडलं. स्पीड खाली आणला, परत लावलं, दहा-बारा मिनिटांत झालं. एक जीबीची नुसती आकड्यांची फाइल!

बाबा चहा घेत बसले होते. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत तीस वर्षं लेथ चालवलाय त्यांनी.

"झालं का गं तुझं?"

"झालं."

"बरोबर आहे कशावरून?"

"बाबा, तो चेक करतो ना स्वतः."

"म्हणजे ज्यानं पीस काढला त्यानंच पास केला?"

मी गप्पच. मी स्वतः क्वालिटीला आहे, ऑपरेटरनं मोजलेला पीस मी परत माझ्या मायक्रोमीटरनं मोजते, तेच तर माझं काम.

आणि पायच्या बाबतीत ह्याची किंमत एका माणसानं खरंच मोजलीये. इंग्लंडमधल्या विल्यम शँक्सनं १८७३ मध्ये हातानं ७०७ अंकांपर्यंत मजल मारली, कित्येक वर्षांची मेहनत. पण ५२८ व्या अंकाला चूक झाली आणि तिथून पुढचं सगळंच चुकलं. हे कळायला १९४० चं दशक उजाडलं, फर्ग्युसन नावाच्या गणितज्ञानं वेगळं सूत्र घेऊन परत मोजलं तेव्हा. तोवर पॅरिसच्या विज्ञान संग्रहालयात ते चुकलेले अंक भिंतीवर लागलेसुद्धा होते. शँक्स १८८२ मध्येच गेला, त्याला कधी कळलंच नाही, मला हे वाचून खरंच वाईट वाटलं होतं.

म्हणून आता रेकॉर्ड म्हटलं की नुसते अंक काढून भागत नाही. २०२२ मध्ये एमा हारुका इवाओनं गूगलच्या क्लाउडवर १०० लाख कोटी अंक काढले, १५८ दिवस लागले, डिस्कवर मिळून ८२ पेटाबाइट, म्हणजे आठ कोटी जीबीहून जास्त, डेटा वाचला-लिहिला गेला (गणितापेक्षा डिस्कचीच कसोटी जास्त). एवढं सगळं परत कोण मोजणार? तर १९९५ मध्ये सापडलेलं एक सूत्र आहे, बेली, बोरवाइन आणि प्लाऊफ ह्यांच्या नावाचं, ते पायचा सोळाच्या पद्धतीतला (दहाऐवजी सोळा चिन्हं वापरून लिहिलेला) कुठलाही अंक आधीचे अंक न काढता थेट देतं. नाशिक रोडला गाडी लागली की आख्खी गाडी न चालता थेट शेवटच्या डब्यात चढतो ना, तसंच. मधे कुठे चूक झाली असेल तर ती शेवटापर्यंत पोचतेच, त्यामुळे शेवटचे अंक जुळले की झालं.

माझ्याकडे अजून सोपा उपाय होता. पहिला रन चुडनोव्स्की भावांच्या सूत्रानं केला होता, त्यात एकेक पद बेरजेत घालत जायचं, आणि प्रत्येक पदाला साधारण १४ अंक मिळतात. वाय-क्रंचरमध्ये रामानुजनचं १९१४ चं सूत्रही आहे, प्रत्येक पदाला ८ अंक, म्हणजे वेळ जास्त. तेच लावलं. १९१४ मध्ये कागदावर लिहिलेलं सूत्र सिडकोतल्या आमच्या खोलीत माझा पंखा घरघरवत होतं, मी तिथून हललेच नाही.

संपल्यावर पहिल्या रनचे शेवटचे दहा अंक कागदावर लिहून बाबांना दिले आणि स्क्रीनवरून दुसऱ्या रनचे वाचले, पाच दोन सात पाच शून्य चार पाच पाच एक नऊ. बाबा चष्मा लावून एकेका अंकावर टिक करत गेले, मग खाली सही केली, तारीख टाकली आणि कागद माझ्याकडे दिला.