लायनिंगची पूड आणि चाळीस वर्षांची नोंद

पॉवर प्रेसचा (पत्रा दाबून कापणाऱ्या-वाकवणाऱ्या यंत्राचा) रॅम, म्हणजे वरखाली होणारा दट्ट्या, वरच्या टोकाला न थांबता पुढे सरकू लागला, की बँड ब्रेकचं लायनिंग, म्हणजे ड्रमला आवळणाऱ्या पट्ट्याचं अस्तर, संपत आलंय का ते आधी बघायचं. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात त्या दिवशी १०० टनी प्रेसवर हेच काम निघालं होतं. मेन स्विचला कुलूप, फ्लायव्हील थांबलेलं, रॅमखाली ठोकळा. हाताची बोटं सांभाळायची हे आपल्या मिस्त्रींना पक्कं ठाऊक असतं, फुप्फुसाचं कुणी शिकवतच नाही. सुरक्षा तपासणीला पोचलो तेव्हा ठेकेदाराकडचा पोरगा तोंडाला रुमाल बांधून एअर गननं ड्रमवरची करडी पूड उडवत होता.

"धूळच हाय की, सर."

बिलावर 'नॉन-अ‍ॅस्बेस्टॉस' लिहिलेलं, पण स्टोअरमधल्या रोलवर ना शिक्का ना नाव. काम थांबवून तुकडा प्रयोगशाळेत पाठवला. क्रायसोटाइल निघालं, म्हणजे पांढरं अ‍ॅस्बेस्टॉस, ज्याचे बारीक तंतू धुळीबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात.

जुनं काढताना धूळ होतेच, पण नवं बसवताना रिव्हेटची भोकं पाडली, कडा ग्राइंडरवर घासल्या की आणखी होते. म्हणून तो रोल बाद केला. जुनं काढायला फवाऱ्याच्या बाटलीत पाणी आणि भांड्यांचा थोडा साबण घेतला. नुसतं पाणी तंतूंवरून ओघळतं, साबणामुळे मुरतं. रिव्हेट छन्नीनं तोडायचे. ड्रम ओल्या फडक्यानं पुसायचा आणि फडकंही लायनिंगबरोबर जाड दुहेरी पिशवीत, वर नाव लिहून बंद. झाडू नाही, हवा तर नाहीच. रुमाल आणि निळा मास्क इथे बिनकामाचे. पी-१०० कार्ट्रिजचा (अतिबारीक धूळ गाळणाऱ्या फिल्टरचा), नाक-तोंड झाकणारा अर्धा मास्क हवा, तोही दाढी केलेल्या चेहऱ्यावर, नाहीतर कडेनं हवा आत येते. कपडे कारखान्यातच धुवायचे. घरी आई ते झटकते तेव्हा तंतू तिच्या श्वासात जातात.

पोराचा एक्स-रे स्वच्छ आला आणि मालकांचा जीव भांड्यात पडला. आज तो स्वच्छच येणार! अ‍ॅस्बेस्टॉसिस (तंतूंमुळे फुप्फुस कडक होणं) दिसायला बहुधा १० वर्षांहून जास्त लागतात, मेसोथेलिओमाला (फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाला) ३०-४० वर्षंही लागतात. सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये कामगाराची आरोग्य-नोंद कामाला लागल्यापासून किमान ४० वर्षं किंवा काम सुटल्यावर १५ वर्षं, यांतलं जे उशिरा संपेल तोवर ठेवायला सांगितलं. तो खटला अ‍ॅस्बेस्टॉस उद्योगाचा होता. प्रेसवाला स्वतःला त्यात धरतच नाही, आणि ठेकेदाराचा पोरगा तर सहा महिन्यांत जवळच्या मच्छेला दुसऱ्याच्या हजेरीपटावर असतो. नोंद राहिली तरी ती शोधणार कोण?

म्हणून तारीख, काम, माल आणि प्रयोगशाळेचा अहवाल रजिस्टरमध्ये चढवून सहीशिक्क्याची प्रत त्याच्या हातात द्यायला लावली. "उगाच पोरगं घाबरंल की, सर," ठेकेदार कुरकुरला. घाबरू दे. बीडी ओढतो तो, आणि तंबाखू व अ‍ॅस्बेस्टॉस एकत्र आले की फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका नुसती बेरीज होऊन थांबत नाही. बीडी सोड, ही प्रत आधार कार्डासोबत ठेव आणि कधीही दम लागला तर ईएसआयच्या (कामगार विमा योजनेच्या) डॉक्टरांना आधी ही दाखव, एवढं त्याला दोनदा सांगितलं.